चाकांची नोंद आणि विम्याचा हप्ता

मोटारविम्याच्या व्यवसायाला जन्मापासून एक अडचण चिकटलेली आहे. आयुर्विमा देताना माणसाचे वय विचारता येते, आगीचा विमा देताना इमारत नजरेखालून घालता येते, सागरी विम्यात जहाज, माल आणि मार्ग हे तिन्ही आधी ठाऊक असतात. मोटारीच्या बाबतीत मात्र धोक्याचा मोठा वाटा वाहनात नसून ते चालवण्याच्या रीतीत असतो आणि ती रीत विमा कंपनीला दिसत नाही. त्यामुळे जे दिसत नाही त्याच्या जागी जे दिसते ते मोजण्याचा परिपाठ या धंद्यात पडला. गाडीची किंमत आणि वय, चालकाचे वय, त्याचे राहण्याचे ठिकाण, मागील वर्षांतले दावे यांवरून हप्ता ठरू लागला आणि जपून गाडी चालवणाऱ्या तरुणालाही बेफाम समवयस्कांइतकाच भुर्दंड बसू लागला. विसाव्या शतकाच्या अखेरीस वाहनात बसवलेल्या नोंदयंत्रांनी हा पडदा दूर केला, तेव्हा विमा अधिक न्याय्य होईल अशी आशा निर्माण झाली आणि ती अनाठायी नव्हती. परंतु चालकाची नोंद कोणी करायची, कशासाठी करायची आणि ती कोणाच्या ताब्यात राहायची, हा प्रश्न विमा कंपन्यांनी त्यात लक्ष घालण्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे आणि त्याची निरनिराळ्या काळांत दिली गेलेली उत्तरे पाहिल्याशिवाय आजचा वाद नीट उमगत नाही.

चाकांच्या फेऱ्यांवरून हिशेब मांडणारे पहिले सर्वपरिचित यंत्र म्हणजे टॅक्सीचे मीटर. फ्रीड्रिख विल्हेल्म गुस्ताव ब्रून या जर्मन संशोधकाने १८९१ मध्ये त्याला आधुनिक रूप दिले आणि १८९७ मध्ये श्टुटगार्टमधील एका व्यावसायिकाने डाइमलर कंपनीची असे मीटर बसवलेली मोटार भाड्याच्या धंद्यात उतरवली. मीटरवरचे आकडे उतारू आणि चालक या दोघांनाही एकाच वेळी दिसत आणि भाडे चुकते झाले की मीटर पुन्हा शून्यावर येई. व्यवहारातील दोन्ही बाजूंना सारखीच माहिती होती आणि तो व्यवहार संपल्यावर त्या फेरीचा आकडा कोणाच्याही हाती उरत नव्हता. पुढच्या यंत्रांनी हे दोन्ही गुण एकामागून एक गमावले.

वेग, अंतर आणि वेळ यांची सलग नोंद ठेवणाऱ्या यंत्राला टॅकोग्राफ म्हणतात. जर्मनीत घड्याळांच्या धंद्यातून पुढे आलेल्या किएन्झले कंपनीने १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून अशी यंत्रे विकसित केली. त्यात मेणासारख्या थराने माखलेल्या कागदाची एक गोल तबकडी बसवलेली असे आणि ती चोवीस तासांत एक फेरा पूर्ण करी. फिरणाऱ्या तबकडीवर तीन सुया ओरखडे काढत जात. एक वेगाचा, दुसरी अंतराचा आणि तिसरी चालक गाडी चालवतो आहे, दुसरे काम करतो आहे की विश्रांती घेतो आहे याचा. कामाला लागण्यापूर्वी चालक तबकडीच्या मध्यभागी स्वतःचे नाव, तारीख, निघण्याचे ठिकाण आणि गाडीच्या किलोमीटरचा आकडा स्वतःच्या हाताने लिही आणि दिवसअखेर ती बाहेर काढी. सकाळी गाडी किती वाजता सुटली, दुपारी कुठल्या तासाला थांबली, संध्याकाळी वेग कुठे वाढला हे त्या कागदावर नुसत्या डोळ्यांनी वाचता येई. नोंद मालकासाठी आणि सरकारी तपासनिसासाठी होती हे खरे, पण चालकाला न कळता तिचा एकही ओरखडा उमटत नव्हता.

युरोपीय आर्थिक समुदायाने १९७० च्या नियमावलीने अवजड वाहनांत टॅकोग्राफ सक्तीचा करण्याचे ठरवले, त्यामागे थकलेल्या चालकांमुळे होणारे अपघात टाळण्याचा हेतू होता. ब्रिटनमध्ये मात्र त्याला प्रखर विरोध झाला. बार्बरा कॅसल वाहतूकमंत्री असताना मांडल्या गेलेल्या १९६८ च्या वाहतूक कायद्यातच या यंत्राची तरतूद होती, परंतु कामगार संघटनांच्या विरोधापुढे ती अमलात आली नाही. ट्रकच्या केबिनमध्ये बसवलेला हेर अशी या यंत्राची संभावना होत असे. विरोधामागे कामचुकारपणा होता असे समजणे अन्यायाचे ठरेल. चालकाची नोकरी ही बंद कारखान्यातली नव्हती, मुकादमाच्या नजरेपासून दूर राहून स्वतःच्या जबाबदारीवर काम करणे हाच तिचा मान होता आणि तबकडीमुळे तो जाणार अशी चालकांची रास्त भावना होती. अखेर युरोपीय न्यायालयाने १९७९ मध्ये ब्रिटनच्या विरोधात निकाल दिला आणि १९८१ च्या अखेरपर्यंत हे यंत्र तेथेही सक्तीचे झाले.

या संघर्षातून युरोपच्या कायद्यात काही मौलिक तत्त्वे उतरली. १९८५ च्या नियमावलीने मालकाने तबकड्या किमान एक वर्ष जपून ठेवाव्यात आणि चालकाने मागितल्यास त्यांच्या प्रती त्याला द्याव्यात असे बंधन घातले. २००६ मध्ये कागदाच्या जागी अंकीय टॅकोग्राफ आला, तेव्हा चालकाच्या नावाचे स्वतंत्र कार्ड निघाले. २०१४ च्या नियमावलीने तर या यंत्रातील व्यक्तिगत माहिती वाहतुकीचे ठरावीक नियम पाळले जातात की नाही एवढेच तपासण्यासाठी वापरावी, अशी मर्यादाच आखून दिली. नोंद करण्याचा अधिकार मान्य करताना तिचा हेतू बांधून टाकायचा आणि ज्याची नोंद त्याला ती वाचता आली पाहिजे, ही दोन सूत्रे या चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या भांडणाची कमाई होत.

अमेरिकेतही हा प्रश्न प्रथम मालवाहतुकीतच उभा राहिला. १९८८ मध्ये क्वालकॉम कंपनीने उपग्रहाद्वारे ट्रकचा ठावठिकाणा आणि निरोप पोचवणारी ऑम्निट्रॅक्स ही यंत्रणा बाजारात आणली आणि मोठ्या वाहतूक कंपन्यांनी ती स्वीकारली. पुढे सरकारने कामाचे तास मोजणारी विद्युत नोंदयंत्रे काही वाहतूकदारांवर लादणारा नियम २०१० मध्ये काढला, तेव्हा स्वतःचा ट्रक स्वतः चालवणाऱ्या छोट्या वाहतूकदारांची संघटना न्यायालयात गेली. या यंत्रांचा उपयोग मालक चालकांना छळण्यासाठी करणार नाहीत याची हमी नियमात नाही, या कारणास्तव २०११ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. छळाला मनाई करणाऱ्या तरतुदी समाविष्ट केल्यावरच नवा नियम निघाला आणि तो डिसेंबर २०१७ पासून अमलात आला. ट्रकचालकांच्या मागे संघटना होती, म्हणून त्यांचे म्हणणे कायद्यापर्यंत पोचले. खासगी मोटारचालकांच्या मागे तशी कोणतीही शक्ती उभी नव्हती.

खासगी मोटारीच्या नोंदीचा संबंध विम्याशी जुळण्यास अर्थशास्त्रातील एक विचार कारणीभूत ठरला. मोटारविमा ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्याने, तर भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातील तरतुदी १ जुलै १९४६ पासून लागू होऊन सक्तीचा झाला होता. ही सक्ती त्रयस्थ पक्षाच्या विम्याची, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याला होणाऱ्या इजेच्या भरपाईची होती. विमा वर्षाच्या एकरकमी हप्त्याने मिळत असल्यामुळे वर्षाला दोन हजार मैल आणि वीस हजार मैल गाडी चालवणाऱ्यांचा भार जवळपास सारखा राही. पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले विल्यम विक्री यांनी १९६८ मध्ये या पद्धतीवर टीका केली आणि गाडी जितकी चालेल तितका हप्ता आकारावा, प्रसंगी विम्याचा खर्च टायरच्या किमतीत धरावा, असे सुचवले. विचार तर्कशुद्ध होता, पण तो राबवण्याजोगे मोजमापाचे साधन तेव्हा हाती नव्हते.

ते साधन १९९० च्या दशकात मिळाले. उपग्रहांवरून स्थान सांगणारी जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने सुरू झाली आणि अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींत १९९६ पासून स्टिअरिंगखाली एक प्रमाणित जोडणी सक्तीची झाली, जिच्यातून इंजिनाची माहिती बाहेर काढता येते. उपग्रह, दूरसंचार आणि वाहन यांच्या या मेळाला टेलिमॅटिक्स म्हणतात. ओहायो राज्यातील प्रोग्रेसिव्ह या विमा कंपनीने १९९८ मध्ये टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात ऑटोग्राफ नावाचा प्रयोग केला. गाडी किती, केव्हा आणि कुठे चालते हे जीपीएस व मोबाइलच्या साहाय्याने टिपून त्यावरून हप्ता ठरवण्याचा तो पहिला मोठा प्रयत्न होता आणि त्याचे एकस्वही, म्हणजे पेटंटही, कंपनीने मिळवले.

याच कंपनीने २००४ मध्ये मिनेसोटा राज्यात आणलेल्या ट्रिपसेन्स या दुसऱ्या प्रयोगाकडे इतिहासकाराने विशेष लक्ष द्यायला हवे. त्यात जीपीएस नव्हते. ग्राहक स्टिअरिंगखालच्या जोडणीत एक छोटे यंत्र बसवी, काही महिन्यांनी ते काढून घरच्या संगणकाला जोडी, आपल्या फेऱ्या, वेग आणि ब्रेक यांचा तक्ता स्वतः पाही आणि मग तो कंपनीला धाडायचा की नाही हे ठरवी. तक्ता धाडला नाही तर सवलत मिळत नसे, एवढेच. पुढे आलेल्या स्नॅपशॉट या योजनेत यंत्र स्वतःच बिनतारी पद्धतीने माहिती पाठवू लागले. सेकंदाला ताशी सात मैल किंवा त्याहून अधिक वेग उतरला की तो जोराचा ब्रेक धरला जाई आणि यंत्र आवाज करून तसे कळवी. मध्यरात्रीनंतर चार वाजेपर्यंतचा प्रवास धोक्याचा मानला गेला. ग्राहकाची गैरसोय टळली, परंतु ट्रिपसेन्समध्ये नोंद आणि कंपनी यांच्यामध्ये जो माणूस बसलेला होता तो या सोयीमुळे बाजूला सारला गेला. त्याचबरोबर मोजमापातही एक नवा अन्याय शिरला, कारण रात्रपाळीची परिचारिका मध्यरात्री हौसेने गाडी काढत नाही आणि अचानक आडव्या आलेल्या मुलाला वाचवण्यासाठी दाबलेला ब्रेक हा बेफिकिरीचा पुरावा ठरत नाही.

युरोपात या पद्धतीचा प्रसार वेगळ्या कारणांनी झाला. ब्रिटनच्या नॉर्विच युनियन कंपनीने २००६ मध्ये अंतरावर आधारित विमा विकायला काढला आणि दोन वर्षांत तो आवरता घेतला. परंतु मार्च २०११ मध्ये युरोपीय न्यायालयाने पुरुष व स्त्रिया यांच्या विम्याच्या दरांत भेद करण्यास मनाई केली आणि डिसेंबर २०१२ पासून ती लागू झाली, तेव्हा तरुण चालकांचा धोका मोजण्याचे एक जुने परिमाण कंपन्यांच्या हातून गेले आणि त्यांच्या गाड्यांत नोंदपेट्या बसवण्याला जोर चढला. इटलीत अपघातांच्या खोट्या दाव्यांनी कंपन्या बेजार झाल्या होत्या. तेथे २०१२ च्या कायद्याने नोंदपेटी स्वीकारणाऱ्याला सवलत मिळण्याची तरतूद केली आणि २०१७ च्या कायद्याने तिच्यातील नोंदीला दिवाणी खटल्यात पुराव्याचे बळ दिले. इटली या पद्धतीच्या वापरात जगात आघाडीवर गेला तो यामुळे. या सर्व प्रकारांत ग्राहकाने पेटी जाणूनबुजून घेतलेली होती, हे मात्र विसरता येत नाही.

संमतीचा हा धागा तुटला तो मोटार उत्पादकच नोंद करू लागले तेव्हा. अपघाताच्या क्षणाआधीची काही सेकंदांची माहिती साठवणारे यंत्र अनेक गाड्यांत कारखान्यातूनच बसून येऊ लागले होते. कॅलिफोर्नियात २००४ मध्ये त्याविषयीचा कायदा लागू झाला आणि अमेरिकेच्या संसदेने २०१५ मध्ये चालक गोपनीयता कायदा संमत करून त्या यंत्रातील माहिती गाडीच्या मालकाची किंवा भाडेपट्ट्याने गाडी घेणाऱ्याची असल्याचे जाहीर केले. हा कायदा दोन बाबतींत अपुरा पडला. त्याच्या नावात चालक असला तरी हक्क मालकाला मिळाला आणि त्याचे संरक्षण अपघाताच्या नोंदयंत्रापुरतेच राहिले. गाडीतून मोबाइलच्या जाळ्यावरून रात्रंदिवस कारखानदाराकडे वाहणारा माहितीचा ओघ त्याच्या कक्षेबाहेरच होता.

त्याचा परिणाम मार्च २०२४ मध्ये जगासमोर आला. जनरल मोटर्सच्या गाड्यांतील ऑनस्टार सेवेच्या स्मार्ट ड्रायव्हर या सुविधेतून मिळालेली माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या माहितीच्या व्यापाऱ्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत जात असल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले. विम्याचा हप्ता एकाएकी २१ टक्क्यांनी वाढल्याचे कारण शोधणाऱ्या एका ग्राहकाने स्वतःविषयीचा अहवाल मागवला, तेव्हा त्याच्या हाती २५८ पाने पडली. त्यांत सहा महिन्यांतल्या ६४० फेऱ्या, प्रत्येक फेरीची सुरुवात व अखेर, अंतर, जोराचे ब्रेक आणि एकदम वाढवलेला वेग यांची नोंद होती. त्या माहितीला बाजारात मिळणारा भावही लवकरच कळला. दोन अमेरिकी सिनेटरांनी त्याच वर्षी जुलैत जाहीर केलेल्या पत्रानुसार, होंडा कंपनीने सुमारे ९७ हजार मोटारींची माहिती २५,९२० डॉलरला दिली होती, म्हणजे एका गाडीमागे २६ सेंट. ज्या नोंदीमुळे कुटुंबाचा वार्षिक हप्ता शेकड्यांनी वाढू शकतो, ती इतक्या क्षुल्लक मोलाने विकली गेली आणि ज्याची ती होती त्याला तिचा पत्ताही नव्हता. जनरल मोटर्सने ही सुविधा बंद केली, टेक्सास राज्याने कंपनीवर खटला भरला आणि अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये अशी माहिती ग्राहकांचे अहवाल बनवणाऱ्या संस्थांना देण्यास पाच वर्षे मनाई करणारा आदेश प्रस्तावित केला. कारवाई योग्यच झाली, पण नोंदी विकल्या गेल्यानंतर झाली.

भारताचा या इतिहासातील प्रवेश उशिराचा असला तरी त्याचे धागे बरेच आधी विणले गेले आहेत. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये बसमध्ये घडलेल्या अमानुष अत्याचारानंतर सार्वजनिक वाहनांत ठावठिकाणा सांगणारे यंत्र आणि संकटकाळची कळ बसवण्याचा नियम २०१६ मध्ये निघाला. या यंत्रांचे एआयएस १४० हे प्रमाणक पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रसिद्ध केले. हेतू निःसंशय चांगला होता. परंतु केंद्र सरकारने वाहन आणि सारथी या दोन नोंदसंग्रहांतील, म्हणजे गाड्यांच्या व परवानाधारकांच्या, माहितीची घाऊक विक्री करण्याचे धोरण मार्च २०१९ मध्ये आखले आणि त्याच जुलैत ही माहिती ८७ खासगी व ३२ सरकारी संस्थांना दिल्याचे व त्यातून ६५ कोटी रुपये मिळाल्याचे राज्यसभेत सांगितले, तेव्हा एका कामासाठी गोळा केलेली नोंद दुसऱ्या कामाला किती सहज जुंपली जाते हे येथेही दिसले. गोपनीयतेच्या आक्षेपांमुळे जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले.

विम्याच्या बाजूने पाहता भारतात त्रयस्थ पक्षाच्या विम्याचे मूळ दर आजही सरकारी अधिसूचनेने ठरतात, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर २००७ पासून बाजारावर सोपवले आहेत. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये या दुसऱ्या विम्याला जोड म्हणून, किती गाडी चालवता आणि कशी चालवता यांवर हप्ता ठरवण्यास परवानगी दिली. ही जोड ऐच्छिक आहे. महिन्यातून चार वेळा गाडी बाहेर काढणाऱ्या निवृत्त गृहस्थाला तिचा लाभ होईल आणि तो त्याला मिळायलाच हवा. प्रश्न लाभाचा नाही; आज सवलत म्हणून मिळणारी गोष्ट उद्या सर्वांनी घेतली की ती न घेणाऱ्याचा हप्ता आपोआप दंडासारखा वाढतो आणि ऐच्छिक शब्द कागदावरच उरतो, हा प्रश्न आहे.

कायद्याचा पाया भारतात घातला गेला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला, २०२३ मध्ये अंकीय व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती मुक्त, नेमकी आणि आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असावी असे हा कायदा सांगतो, आपली माहिती पाहण्याचा व दुरुस्त करून घेण्याचा हक्कही देतो. त्यात एक मोठी फट मात्र आहे. नोकरीच्या कारणासाठी किंवा मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असल्यास कामगाराच्या संमतीची गरज नाही. भारतात ट्रक, बस, टॅक्सी आणि कंपन्यांच्या गाड्या बहुतांशी पगारी चालकच चालवतात. गाडी मालकाची, यंत्र मालकाचे, विम्याची सवलतही मालकाची आणि नोंद मात्र चालकाच्या प्रत्येक मिनिटाची, अशी ही स्थिती आहे. युरोपातील चालकाला आपल्या तबकडीची प्रत मागण्याचा जो हक्क १९८५ मध्ये स्पष्ट शब्दांत मिळाला, तो भारतीय चालकाला वाहतुकीच्या कायद्यातही त्याच स्पष्टतेने मिळणे हे या विषयातले पहिले न्याय्य पाऊल ठरेल.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष यंत्राच्या विरोधात जात नाही. टॅकोग्राफमुळे थकलेल्या चालकांना विश्रांती मागण्याचा आधार मिळाला आणि अंतरावर आधारलेला विमा कमी गाडी चालवणाऱ्याला न्याय देतो. नुकसान झाले ते नोंद चालकाच्या नजरेआड गेली आणि तिचा हेतू मोकळा सुटला तेव्हा. आणि कायदा बहुतेक वेळा नुकसानीनंतर आला. भारतात अशा विम्याचा प्रसार अजून मर्यादित आहे, म्हणून कायद्याला आधी पोचण्याची संधी येथे आहे. ग्राहकानेही आपला वाटा उचलला पाहिजे. नव्या कायद्याची मुख्य बंधने लागू झाल्यावर संमती मागणारी सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, हक्काने मागता येईल. तेव्हा पुढच्या वेळी विम्याचे नूतनीकरण करताना किंवा नव्या गाडीच्या कागदांवर सही करताना वाचकांनी ती मराठीत मागावी, कोणती नोंद होते, ती किती काळ राहते, कोणाकडे जाते आणि नकार दिल्यास हप्ता किती वाढतो हे चार प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तर मिळाल्याखेरीज सही करू नये.